वेशीवरची टिटवी

आधी आवाज आला. मग विमान आलं. आणि बाई उतरली ती सगळ्यांत शेवटी.

पस्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला. सुहास माळवदे तेव्हा विट्याजवळच्या एका शाळेत गाणं शिकवायचा. सातवीच्या पोरांची सहल घेऊन तो माळावरच्या लहानशा धावपट्टीवर गेला होता. पत्र्याच्या खोलीत एक रेडिओ आपल्याशीच खरखरत बसला होता, पोरं भेळेवर तुटून पडली होती, आणि त्या खरखरीतून एकाएकी एक आवाज वर आला.

"धावपट्टी दिसतेय. वारा डावीकडून आहे. उतरतेय."

बस्स, एवढंच. पण सुहासच्या हातातला भेळेचा कागद हातातच राहिला. काशाच्या वाटीवर नखानं टिचकी मारावी तसा तो आवाज. प्रत्येक शब्द आपापल्या जागी, ना अलीकडे ना पलीकडे. मुरलेल्या गवयालाही समेवर इतकं सहज येता येत नाही. हे ज्या गळ्यातून आलं तो गळा बघायला म्हणून तो उन्हात जाऊन उभा राहिला. मग ग्रीसच्या डागांची पँट घातलेली, वेणी टोपीत कोंबलेली हेमांगी विमानातून उतरली आणि त्याच्यावरच डाफरली, "अहो मास्तर, पोरांना मागे घ्या! पंख्यात बोटं घालतील."

तेव्हापासून तो तिचा मास्तर आणि ती त्याची कॅप्टन. लग्न झालं तरी ही नावं बदलली नाहीत.

लोक म्हणायचे, उलटा संसार आहे. बायको आभाळात आणि नवरा अंगणात. ती पोरापोरींना विमान शिकवायची, हा खाली डबा घेऊन वाट बघायचा. पुढे पैपैसा साठवून दोन आसनांची 'टिटवी' घेतली. मग सुहास उजवीकडच्या आसनावर बसू लागला. "तोलासाठी वाळूचं पोतं ठेवण्यापेक्षा हा बरा," हेमांगी चारचौघांत सांगायची. "फक्त पोतं गात नाही, हा गातो." वेळ आलीच तर टिटवी कशीबशी जमिनीला टेकवण्याइतकं तिनं त्याला शिकवून ठेवलं होतं. ती वेळ कधी आली नाही. हेमांगीला कुणाची गरज पडेल अशी वेळच कधी यायची नाही.

आता आभाळ तेव्हाचं राहिलं नव्हतं. सह्याद्रीच्या माथ्यावरून रात्रंदिवस बिनमाणसांची वाहनं जात. लोक त्यांना घारी म्हणत. कोकणातली मासळी वर येई, घाटावरचे टोमॅटो खाली जात, रक्ताच्या पिशव्या आणि औषधं इकडून तिकडे. त्या घारींच्या वाटा एकमेकींना अगदी घसटून जायच्या, म्हणून माथ्यावरचा सगळा पट्टा माणसांच्या विमानांना बंद केला होता. आणि त्या पट्ट्याच्या मधोमध होता घोटणसडा. कातळाचं सपाट, रुंद पठार. तिथं विमान उतरू शकतं हे सगळ्यांत आधी हेमांगीनं ओळखलं होतं. पट्टा बंद व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथं संक्रांतीनंतरच्या रविवारी हौशी वैमानिकांचा मेळावा भरायचा, आणि तो तिनंच सुरू केलेला. त्यासाठी वर्षातून एक दिवस तो पट्टा उघडत असे. एका अटीवर. आत शिरणाऱ्या प्रत्येक वैमानिकानं आधी 'कानोसा'शी बोलायचं.

कानोसा हे यंत्र मुळात थकवा ओळखण्यासाठी केलेलं होतं. माणसाचा हात चुकायच्या आधी त्याची जीभ अडखळते, हे त्याचं मूळ सूत्र. आपण 'चमचा' म्हणतो तेव्हा मेंदू डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारो गाडग्यांच्या उतरंडीतून नेमकं एक गाडगं उचलतो. थकलेल्या माणसाचा हात त्या उतरंडीवर जरासा रेंगाळतो. लाखो माणसांची बोलणी वर्षानुवर्षं ऐकल्यावर यंत्राला आणखी एक रेंगाळणं ओळखू येऊ लागलं. ते नामांपाशी होतं. क्रियापद येतं, हातवारे येतात, पण वस्तूचं नाव येत नाही. मग त्या जागी 'ते', 'हे', 'आपलं ते' अशी उसनी गाडगी येऊन बसतात. सुरुवातीला हा विलंब इतका बारीक असतो की घरच्या माणसालाही कळत नाही. पण त्यावरून मेंदूत विस्मरणाची वाळवी शिरल्याचं यंत्राला कळे, डॉक्टरांच्या इतर तपासण्यांत काही दिसायच्या कितीतरी आधी.

पाठ केलेलं मात्र त्याला चालत नसे. आरत्या, पाढे, गाणी यांची कोठी मेंदूत निराळी असते, आणि ती सगळ्यांत शेवटी रिकामी होते. म्हणून कानोसा प्रत्येकाकडून ताजे शब्द मागायचा. आता दर वर्षी ताजं काय बोलायचं? तेव्हा मेळाव्यातल्या लोकांनीच त्यावर तोड काढली. उखाणा! पट्ट्याच्या हद्दीला ते वेस म्हणत. वेशीवर यायचं आणि आपल्या विमानाचं नाव नव्या उखाण्यात घ्यायचं. सगळ्यांच्या रेडिओवर तो ऐकू जाई. त्यामुळे यंत्राची परीक्षाही व्हायची आणि मेळाव्याची करमणूकही. हेमांगीचा पहिल्या वर्षीचा उखाणा तर लोकांच्या तोंडीच बसला होता:

सड्यावर पडलं ऊन, उन्हाला नाही सावली,
टिटवी घेऊन आले मी, कातळाला म्हणते माउली.

पहिल्याच वर्षी कानोशानं बापू थोरातांना परत पाठवलं होतं, कारण त्यांची कवळी सैल होती आणि शब्द चावले जात होते. तेव्हा हेमांगी अधिकाऱ्यांशी कडाकडा भांडली. "यंत्राच्या वर माणसाचा शब्द राहिला पाहिजे," असं म्हणत तिनं एक नियम पदरात पाडून घेतला. शेजारच्या आसनावरच्या माणसानं वैमानिकाबद्दल साक्ष दिली, तर मेळाव्याच्या प्रमुखानं वेस उघडायची. यंत्राचं काही म्हणणं असो.

सुहासला मात्र हेमांगीचं ते रेंगाळणं यंत्राच्या आधी कळलं होतं.

तो पेटी वाजवणारा माणूस. गवई श्वासाला थांबला की ती जागा पेटीनं भरायची, अशी की ऐकणाऱ्याला वाटावं गाणं तुटलंच नाही. हेमांगीच्या बोलण्यात अशा जागा पडू लागल्या तेव्हा त्यानं न ठरवता त्या भरायला सुरुवात केली.

"मास्तर, ती आण ना, ती... कांदा चिरायची..."

"विळी?"

"हां, विळी. आणि गॅस पेटवायचं ते..."

"लायटर. हे घे."

ती घाईत आहे, तिचं लक्ष दुसरीकडे आहे, असं तो स्वतःला सांगे. एकदा दुपारी पेटीवर बसल्या बसल्या त्याला दोन ओळी सुचल्या:

शब्दाचं पाखरू माझं, वळचणीला गं बसलं,
हाक मारावी तर त्याचं नाव कुणी गं पुसलं.

 त्यानं भाता मिटला आणि पुन्हा कधी त्या म्हटल्या नाहीत.

गणपतीच्या आधी वैमानिकांची वार्षिक तपासणी होती. डॉक्टरांनी तिथल्या कानोशासमोर तिला लहानपणाबद्दल गप्पा मारायला लावलं. "मजा आली," म्हणत ती बाहेर आली आणि बाकावर बसून पेरू खाऊ लागली. डॉक्टर दारातून डोकावून म्हणाले, "माळवदे, तुम्ही जरा आत या."

आपल्याकडे अशीच रीत आहे. वाईट बातमी ज्याची त्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. आत डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि सगळं सांगितलं. आधी शब्द जातील. मग जागा. मग माणसं. "अजून हातांत सगळं शाबूत आहे. मोकळ्या आभाळात, तुम्ही शेजारी असाल तर, उन्हाळ्यापर्यंत उडू देत. एकटीला नको. बाईंना तुम्हीच सांगा, योग्य वेळ बघून."

"काय म्हणाले रे?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं.

"काही नाही. मीठ कमी करायला सांगितलंय."

मग योग्य वेळ शोधण्यात गणपती गेले. आराशीच्या गडबडीत कुठं सांगायचं? दसऱ्याला तिची जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली, तेव्हा ती इतकी खुशीत होती की नको वाटलं. दिवाळीला तिला खोकला झाला. एकदा सांगायचं म्हणून तो खरोखरच तिच्यासमोर जाऊन बसला, तर तीच म्हणाली, "चेहरा का असा? गावात कोणी गेलं का?" आणि तो म्हणाला, "नाही, चहा टाकू का विचारायला आलो होतो."

मागच्या आठवड्यात सरावाला गेले असताना तो म्हणाला होता, "डावीकडे वळव, कॅप्टन, पाखरं आहेत." ती झटकन उजवीकडे वळली. अगदी पाखरांच्या थव्यात. थवा फुटला, टिटवी वाचली. "तूच उजवीकडे म्हणालास," ती हसत म्हणाली. सुहासनं होकार भरला. 

मेळाव्याच्या रविवारी सकाळी माळावर स्वच्छ ऊन होतं. टिटवीचं इंजिन बॅटरीवरचं, त्यामुळे आत गोंगाट असा नसायचाच. कुजबुजलेलंही ऐकू जाई. हेमांगीनं पंखांवरून हात फिरवला, चाकं दाबून पाहिली, सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं. एकही गोष्ट चुकली नाही. मग आसनावर बसत तिनं विचारलं, "मास्तर, ते गोड बोलायचं डब्यात भरलंस का?"

"तिळगूळ. भरला."

"मग काय तर. मी कोडं घातलं तुला."

सुहास हसला. अशी झाकायची ती, इतकी छान की समोरच्यानं दाद द्यावी.

वर गेल्यावर खालची शेतं गोधडीसारखी पसरली. हेमांगी गुणगुणत होती. सुहासनं हळूच विचारलं, "उखाणा जुळवलास का? मी दोन ओळी..."

"गप रे. पाठ करून म्हणायचा? म्हणजे कॉपी! वीस वर्षं मी वेशीवर जाऊन ऐनवेळी जुळवलाय."

"यंदा मी मदत..."

"तुला काय झालंय यंदा?" तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "सारखा माझ्या तोंडाकडे बघत असतोस. सावकार उभा राहावा दारात तसा."

त्यानं नजर खाली, नदीकडे नेली.

रेडिओवर मेळावा जागा झाला होता. पुढच्या विमानातून कुणीतरी उखाणा घेतला:

कढईत तापलं तेल, तेलात सोडली भजी,
बिजली घेऊन आलोय मी, उतरायला द्या मर्जी!

"वेस उघडी आहे, बिजली," कानोशाचा थंड, समजूतदार आवाज म्हणाला. मागोमाग रणजितचा आवाज आला. हेमांगीनंच त्याला विमान शिकवलेलं आणि आता मेळाव्याचा प्रमुख तोच होता. "भजी तयारच आहेत, दादा, या खाली! आणि टिटवी कुठवर आली? अक्का, पोरं सकाळपासून विचारतायत!"

"आले रे आले," हेमांगी म्हणाली. दूर घोटणसडा दिसायला लागला होता. काळा कातळ, त्यावर रंगीत तंबू, रांगेत उभी विमानं, आणि धावपट्टीच्या कडेनं धावणारी इवलाली पोरं. सड्याच्या वर, खाली, बाजूंनी घारींच्या ओळी चाललेल्या. एकेक ओळ सुईत दोरा ओवावा तशी.

"टिटवी," कानोसा म्हणाला, "वेशीवर स्वागत आहे. ताजे शब्द ऐकवा."

हेमांगीनं घसा साफ केला. "सड्यावर आली..." ती म्हणाली. आणि थांबली.

सुहासनं मान खाली घातली आणि ओठांतल्या ओठांत सांगितलं, "थंडी."

"थंडी," हेमांगी म्हणाली, "थंडीला हवी..."

"शाल."

"शाल..."

"टिटवी," यंत्र म्हणालं, "मला दोन आवाज ऐकू येत आहेत. फक्त डावीकडच्या आसनावरच्या वैमानिकानं बोलावं."

सगळ्या रेडिओंवर हशा पिकला. "ओ मास्तर, कॉपी पुरवू नका!" कुणीतरी ओरडलं. "बाकावर उभं करा त्यांना!"

हेमांगी हसली नाही. तिनं बोलायचं बटण सोडलं. "तू मला शब्द देत होतास?"

"तुला खोकला..."

"मला खोकला नाहीये. गप्प बस. मी बोलते."

 टिटवीनं वेशीबाहेर एक मोठी घिरटी घेतली. हेमांगीच्या ओठांची हालचाल चालू होती. मग तिचा चेहरा उजळला आणि तिनं बटण दाबून खणखणीत म्हटलं:

"सड्यावर पडलं ऊन, उन्हाला नाही सावली, टिटवी घेऊन आले मी, कातळाला म्हणते माउली!"

खालून टाळ्या ऐकू आल्या. कानोसा क्षणभर थांबला. "हे शब्द आधी ऐकलेले आहेत. ताजे शब्द ऐकवा."

"ताजेच आहेत," हेमांगी म्हणाली. "आत्ता केले."

टाळ्या थांबल्या. सुहासनं डोळे मिटले. ती आठवून म्हणत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिनं तो आत्ता केला.

"साधं वाक्यही चालेल," यंत्र म्हणालं. "खाली काय दिसतं ते सांगा."

"खाली ना? खाली ते आहेत... रंगीत. पोरं आहेत त्या ह्याच्यात. आणि आपली ती, रांगेत लावलेली. आणि ते काळं, ते माझं. मीच शोधलेलं ते. सांगा ना ह्यांना, त्याला काय म्हणतात..."

सुहासचे ओठ हलले. 'सडा.' दोन अक्षरं. ती त्याच्या दातांमागे येऊन उभी राहिली होती आणि त्यानं ती तिथंच धरून ठेवली. उभ्या आयुष्यात त्यानं पेटीची जागा अशी रिकामी सोडली नव्हती.

"टिटवी, वेस उघडता येत नाही," कानोसा म्हणाला. आवाजात राग नव्हता, दया नव्हती. "परत फिरा, किंवा विमान आमच्या हाती द्या. आम्ही उतरवून घेऊ."

हेमांगीचे गाल लाल झाले. "तुमच्या हाती? टोमॅटोसारखी उतरू मी माझ्या जागेवर? रणजित! तुझं यंत्र बिघडलंय."

"अक्का, बिघडलं असेल, त्याचं काय एवढं?" रणजितचा आवाज घाईघाईनं आला. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं, ऐकूच येत होतं. "तुम्हीच तर नियम केलाय. मास्तर, साक्ष द्या. 'वैमानिक ठीक आहे' एवढं म्हणा, मी आत्ता वेस उघडतो."

बटण सुहासच्याही हाताशी होतं. वेशीच्या आत शिरलं की यंत्र फक्त शब्दांनी वाट सांगणार होतं. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. दोन्ही बाजूंनी घारी. खाली तंबू, आणि तंबूंच्या मधून धावणारी पोरं. कदाचित तिच्या हातांनी सगळं सांभाळलंही असतं. हातांना अजून येत होतं. कदाचित.

"दे ना," हेमांगी म्हणाली. ती आता त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भरवसा होता. "तुझे कान साऱ्या जिल्ह्यात नावाजलेले. तू सांग, मी बरी बोलते की नाही? यंत्र चुकलं म्हण. तू म्हणालास की मी जाते आत."

टिटवीनं आणखी एक घिरटी घेतली. बॅटरीचा काटा परतीच्या खुणेपाशी येत होता.

"मास्तर?" रणजित म्हणाला.

सुहासनं बटण दाबलं. "रणजित, मी सुहास माळवदे बोलतोय." आवाज फुटू नये म्हणून त्यानं सूर खाली घेतला. "साक्ष देता येत नाही."

 मग रणजित हळूच म्हणाला, "बरं, मास्तर."

हेमांगीनं हात लांबवून रेडिओ बंद केला. टिटवी सरळ रेषेत, इंचभरही न ढळता चालली होती. "बोल," ती म्हणाली.

"यंत्र चुकलेलं नाही, हेमा."

तो तिला हेमा क्वचितच म्हणायचा. तिनं समोर बघत मान हलवली, पुढे बोल अशी.

"गणपतीच्या आधी आपण डॉक्टरांकडे गेलो होतो. तू बाहेर पेरू खात होतीस. त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हा आजार आहे. आत्ता शब्द जातायत. पुढे जागा जातील. मग माणसं. म्हणाले, हळूहळू त्या सगळं..."

त्याच्यानं पुढचा शब्द उच्चारवेना. पाण्यात बुडालेल्या घागरीसारखा तो वरच येईना. हेमांगी वाट पाहत राहिली. मग तिनंच तो काढून दिला.

"विसरतील," ती म्हणाली.

"हो."

खाली सडा एका बाजूला गेला. तंबू लहान झाले. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. पण ती काचेतून खाली बघत होती, एकेक गोष्ट हातात घेऊन पारखावी तशी, आणि तिचे ओठ हलत होते. ती नावं म्हणून बघत होती. काही येत होती. काहींपाशी ती थांबत होती, आणि मग ती वस्तू तशीच, बिननावाची, मागे सोडून पुढे जात होती.

मग तिनं रेडिओ लावला. "वेस, टिटवी बोलतेय. परत फिरतेय."

"टिटवी, परत फिरत आहात," यंत्रानं उलट म्हटलं. "सुखरूप जा." रणजित काहीतरी बोलायला गेला, "अक्का, आम्ही सगळे इकडे...", पण तिनं पुन्हा रेडिओ बंद केला. टिटवी एका बाजूला कलली. असं हलकं, असं गोल वळण सुहासनं कितीदा पाहिलं होतं, खालून, कपाळावर आडवा हात धरून.

 कृष्णा दिसू लागली, उन्हात वितळलेल्या चांदीसारखी. त्यानं ती दाखवली नाही. तिनंही नाव घेतलं नाही.

"म्हणजे गणपतीपासून," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"दसरा गेला. दिवाळी गेली. माझा जीव, माझं डोकं, आणि मलाच ठाऊक नाही. सगळ्या आभाळासमोर मी तिथं..." ती थांबली. या वेळी शब्द सापडत नव्हता म्हणून नव्हे. "का नाही सांगितलंस, मास्तर?"

उत्तर तयार होतं. महिनोन्महिने घासून ठेवलेलं. योग्य वेळ येत नव्हती. तुला धक्का बसला असता. डॉक्टरच म्हणाले. त्यानं तोंड उघडलं, आणि ते उत्तर त्याला बेसूर लागलं. त्यानं ते परत आत घेतलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला.

"आता तरी."

"पस्तीस वर्षं मी खाली उभा राहून तुझी वाट बघितली. तुझं माझ्यावाचून कधी काही अडलं नाही, हेमा. एकदाही नाही. आणि मग एक दिवस एका साध्या शब्दासाठी तू माझ्या तोंडाकडे बघितलंस." त्याचा आवाज आता अजिबात थरथरत नव्हता, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. "मला आनंद झाला. डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा तो गेला नाही. तुला सांगितलं असतं, तर तू औषधं शोधली असतीस, सराव केला असतास, एकेक शब्द स्वतःच धरून ठेवायला शिकली असतीस. माझ्यावाचून. म्हणून नाही सांगितलं."